धूरघंटा आणि तिची निगा

आग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ज्वाळा येतात. होळीची आग, भट्टीची आग, उसाच्या फडाला लागलेली आग, या सगळ्या दुरून दिसणाऱ्या. त्यामुळे आपल्या घरात आग लागली तर ती आपल्याला दिसेल, निदान जळका वास तरी येईल आणि आपण उठून बाहेर पडू, असे प्रत्येक जण धरून चालतो. दिवसा हा समज बऱ्याच अंशी खरा असतो. रात्री मात्र तो दगा देतो. तो कसा दगा देतो, हे गेल्या काही वर्षांत आपल्या महाराष्ट्रात घडलेल्या घटनांवरून आधी पाहू आणि मग त्यावरच्या एका लहानशा उपायाची नीट ओळख करून घेऊ.

९ मे २०१९ च्या पहाटे पुण्याजवळ उरुळी देवाची येथे साड्यांच्या एका दुकानाला आग लागली. आत झोपलेले पाच कामगार मरण पावले. दुकानाला बाहेरून कुलूप होते. ३० ऑगस्ट २०२३ च्या पहाटे पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे हार्डवेअरच्या दुकानात आग लागून तेथेच राहणारे चौघांचे कुटुंब गेले. त्याच वर्षी ३१ डिसेंबरच्या पहाटे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्यात झोपलेले सहा कामगार दगावले. ३ एप्रिल २०२४ रोजी, पुन्हा पहाटेच, छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात माणसांचा अंत झाला. आणि १८ मे २०२५ ची पहाट तर आपल्याच जिल्ह्यातली. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या एम.आय.डी.सी.त टॉवेलचा एक कारखाना पेटला. त्याच इमारतीत मालकाचे घर होते. मालकाच्या कुटुंबातील माणसे आणि कामगार मिळून आठ जण गेले. त्यांत एक लहानगे मूलही होते.

आम्ही आयुष्याची तीस वर्षे कामगार चळवळीत घालवली. मालक आणि मजूर यांच्यामधला फरक आम्ही रोज मोजत आलो. पण सोलापूरच्या त्या पहाटे धुराने तो फरक मोजला नाही. म्हणून आजचा विषय केवळ कामगारांचा नाही. ज्याला म्हणून रात्री डोळे मिटून झोपावे लागते त्या प्रत्येकाचा आहे.

या पाचही घटनांची गावे वेगळी आणि माल वेगळा. पण तीन गोष्टी सर्वत्र सारख्या दिसतात. वेळ रात्रीची किंवा पहाटेची होती. ज्या छपराखाली धंदा, त्याच छपराखाली माणसे झोपली होती. आणि संकट अगदी लहान असताना त्यांना हाक मारून उठवील असे जागे कोणी नव्हते. पहिल्या दोन गोष्टी गरिबीतून, जागेच्या टंचाईतून आणि धंद्याच्या रीतीतून आलेल्या आहेत; त्या एका दिवसात बदलणार नाहीत. तिसरी गोष्ट मात्र आपण या आठवड्यात बदलू शकतो.

छावणीच्या आगीचा तपशील येथे मुद्दाम लक्षात घेण्यासारखा आहे. ज्वाळा वरच्या मजल्यापर्यंत पोचल्याच नव्हत्या; माणसे गुदमरून गेली, असे प्राथमिक तपासानंतर पोलिसांनी सांगितले. घरातल्या आगीत बहुधा असेच होते. भाजण्याची वेळ येण्याआधीच धूर आपले काम करतो. जळणाऱ्या वस्तूतून निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारा जो लाल पदार्थ आहे, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो. मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. जागा माणूस गोंधळतो, त्याचे पाय लटपटतात. झोपलेला माणूस आणखी गाढ झोपतो.

"वासाने जाग येईल" असे म्हणणाऱ्यांनी हेही जाणून घ्यावे की, झोपेत माणसाचे नाक फारसे काम करीत नाही. कान मात्र करतात. सोलापूरच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा भोंगा झाला की घरोघरचे कामगार उठत. भाकरीचा वास कितीही खमंग असला तरी त्या वासाने कोणी पाळीला उठल्याचे आम्ही ऐकले नाही! तेव्हा धुराचे रूपांतर आवाजात करणारे काहीतरी घरात हवे. ते करणाऱ्या यंत्राला स्मोक अलार्म म्हणतात. आपण त्याला धूरघंटा म्हणू.

ही धूरघंटा म्हणजे तळहाताएवढी गोल डबी. तिची जन्मकथा मौजेची आहे. १९३० नंतरच्या दशकात वॉल्टर येगर नावाचा स्विस शास्त्रज्ञ विषारी वायू ओळखणारे यंत्र करू पाहत होता. यंत्र काही केल्या वायूला दाद देईना. कंटाळून त्याने सिगारेट पेटवली आणि त्या धुराने यंत्राचा काटा हलला, असे सांगतात. पुढे १९६५ च्या सुमारास अमेरिकेत ड्युएन पिअरसॉल यांनी बॅटरीवर चालणारी घरगुती धूरघंटा तयार केली, आणि जी वस्तू मोठ्या इमारतींपुरती होती ती हळूहळू सामान्य माणसाच्या घरात आली.

तिचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात डबीच्या आत एक काळोखी पोकळी असते. तीत प्रकाशाचा एक किरण अशा रीतीने सोडलेला असतो की तो समोरच्या 'डोळ्या'वर पडत नाही. धूर आत शिरला की त्याच्या कणांवर आपटून प्रकाश विखुरतो, त्यातला थोडा डोळ्यावर पडतो आणि घंटा वाजते. पहाटेच्या कवडशात धुळीचे कण चमकताना आपण पाहतो, तीच ही युक्ती. दुसऱ्या प्रकारात अत्यल्प किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने हवेतून बारीक विद्युतप्रवाह चालू ठेवलेला असतो. धुराने तो अडला की घंटा वाजते. पहिला प्रकार धुमसणाऱ्या आगीला लवकर ओळखतो, दुसरा भडकलेल्या आगीला. कापसाची गादी, गोधडी, सुताचे गठ्ठे, विजेच्या तारेवरचे वेष्टन या आपल्याकडच्या वस्तू आधी बराच वेळ धुमसतात. म्हणून आपल्या घरांना पहिला, म्हणजे प्रकाशावर चालणारा प्रकार अधिक उपयोगी. दुसऱ्या प्रकारची डबी घरी असली तर ती कधी फोडू नये.

खरेदी करताना एक फसगत टाळावी. मोठ्या इमारतींच्या छताला जे शोधक बसवलेले दिसतात, त्यांतले पुष्कळसे स्वतः वाजत नाहीत. ते तारेने एका मुख्य पेटीला खबर देतात आणि ती पेटी वाजते. असा शोधक घरी आणून छताला लावला, तर तो छान दिसेल आणि गप्प बसेल. म्हणून दुकानदाराला स्पष्ट विचारावे की, ही डबी एकटी, स्वतःच्या बॅटरीवर, स्वतः वाजते का? दुकानातच बटण दाबून ती वाजवून घ्यावी. खोक्यावर यू.एल. २१७ किंवा ई.एन. १४६०४ यांपैकी एखाद्या मानकाचा उल्लेख आहे का, हे पाहावे. मागच्या बाजूला तयार केल्याची तारीख असते, तीही वाचावी. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून बॅटरी हवीच.

आता ती लावायची कोठे? धूर आधी वर चढतो, मग छताखाली पसरतो आणि नंतर खाली उतरतो. म्हणून जागा छताची. जेथे माणसे झोपतात त्या प्रत्येक खोलीत एक, त्या खोल्यांबाहेरच्या बोळात एक, आणि प्रत्येक मजल्यावर निदान एक, अशी उत्तम रीत. सगळे एकदम जमत नसेल, तर पहिली घंटा झोपण्याच्या जागेजवळ, बाहेर पडण्याच्या वाटेवर लावावी. छताला लावणे शक्य नसल्यास भिंतीवर, छतापासून दहा ते तीस सेंटिमीटर खाली लावावी. अगदी कोपऱ्यात हवा कोंडून राहते, तेथे नको. पंख्याच्या पात्यांच्या टोकापासून तीन फूट दूर, कारण पंखा धूर उडवून लावतो. चुलीपासून किंवा शेगडीपासून दहा फूट दूर. न्हाणीच्या दारापासूनही तीन फूट दूर, नाहीतर वाफेने ती वाजेल.

आपल्याकडे माळवदी घरे आहेत, तशी पत्र्याची आणि कौलारूही आहेत. उतरत्या छपरात घंटा आढ्याजवळ लावावी, पण अगदी टोकाचे दहा सेंटिमीटर सोडून. पत्र्याला ती थेट चिकटवू नये. आपल्या उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की त्या डबीला ते सोसत नाही. पत्र्याखाली थोडे अंतर ठेवून तुळईला किंवा लाकडी फळीला ती बसवावी, आणि किती तापमानापर्यंत ती चालते हे खोक्यावर वाचून घ्यावे.

खाली दुकान आणि वर घर असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. घंटा फक्त वर लावली, तर ती वाजेपर्यंत जिना धुराने भरलेला असतो. जाग येते, पण वाट गेलेली असते. अशा ठिकाणी एकमेकींशी जोडलेल्या घंटा मिळतात. खालची वाजली की वरचीही त्याच क्षणी वाजते. ज्यांच्या घराखाली शिलाईचे दुकान, गोदाम, यंत्रमाग किंवा बॅटरीवरच्या गाडीचे चार्जिंग आहे, त्यांनी थोडा जादा खर्च करून अशीच जोडी घ्यावी. मागाच्या शेडमध्ये सुताची धूळ इतकी असते की धूरघंटा वरचेवर उगाच वाजेल. तेथे आणि स्वयंपाकघरात उष्णतेवर वाजणारी घंटा लावावी. ती उशिरा वाजते, म्हणून जिन्यापाशी धूरघंटा असलीच पाहिजे.

येथपर्यंतचे काम पैशाने होते. यापुढचे काम सवयीने होते, आणि खरी अडचण तेथेच आहे. अमेरिकेतील अग्निसुरक्षा संस्थेचे आकडे सांगतात की, चालू स्थितीतली धूरघंटा असलेल्या घरांत आगीमागे मृत्यूचे प्रमाण, घंटा नसलेल्या किंवा बंद असलेल्या घरांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी असते. 'चालू स्थितीतली' हे शब्द महत्त्वाचे. घंटा असूनही ती वाजली नाही, अशा घरांत कारण शोधले तर बहुतेक वेळा बॅटरी काढलेली, निखळलेली किंवा संपलेली सापडते. म्हणजे पहारेकरी नेमला आणि त्याचा शिधा बंद केला, अशातली गत.

आम्ही एका शेडमध्ये छताला लावलेल्या शोधकावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली पाहिली. विचारले तर उत्तर आले, "सारखा वाजतो, कामात व्यत्यय येतो." त्या कामगारांचे तरी काय चुकले? त्यांना तो का वाजतो हे कोणी सांगितले नव्हते. घरातही असेच होते. फोडणीच्या धुराने घंटा एकदा वाजते, दोनदा वाजते, तिसऱ्यांदा कोणीतरी स्टुलावर चढून सेल काढतो आणि तो मुलाच्या खेळण्यात जातो. घंटा उगाच वाजत असेल, तर तिची जागा बदलावी किंवा ती पुसावी. बऱ्याच घंटांवर थोडा वेळ गप्प करण्याचे बटण असते, ते वापरावे. सेल काढू नये. देवघरातला धूप आणि डासांसाठी लावलेली कांडी घंटेच्या थेट खाली ठेवू नये.

घंटा मोठ्याने न वाजता मिनिटभराने एकदा 'चिक्' असा बारीक आवाज करू लागली, की तो बिघाड समजून लोक वैतागतात. सेल संपत आल्याची ती सूचना असते. तो त्याच दिवशी बदलावा.

निगा राखण्याचे काम अवघड नाही. महिन्यातून एकदा बटण दाबून घंटा वाजवून पाहावी. दिवस लक्षात राहत नसेल, तर विजेचे बिल हातात येईल तो दिवस धरावा. वाजवताना घरातल्या एकाने सर्वांत दूरच्या अंथरुणावर, दार लावून पडावे आणि आवाज येतो का ते सांगावे. कागद पेटवून परीक्षा घेऊ नये. वर्षातून दोनदा मऊ ब्रशाने बाहेरची धूळ, जळमटे झाडावीत. पाणी, साबण लावू नये. याला आपल्या गावचे पंचांग सोयीचे आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आषाढात नातेपुत्यात मुक्कामाला येते. त्याआधी घरोघर आवराआवर होते आणि त्या रात्री घरात नेहमीपेक्षा कितीतरी अधिक माणसे झोपतात. एक सफाई तेव्हा करावी. दुसरी दिवाळीच्या आवरासावरीत, आणि सेलही वर्षातून एकदा त्याच वेळी बदलावा. काही घंटांत दहा वर्षांचा बंदिस्त सेल असतो, तो बदलावा लागत नाही. रंग देताना घंटेवर पिशवी बांधावी आणि काम संपताच आठवणीने काढावी. डबीला रंग लावू नये. तयार झाल्यापासून दहा वर्षे झाली की, वाजत असली तरी घंटाच नवी आणावी, कारण आतला डोळा मंदावलेला असतो.

घंटा काय करीत नाही, हेही सांगितले पाहिजे. ती स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखत नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो; त्यासाठी खाली लावायचे यंत्र वेगळे असते. गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबू नये, रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडून बाहेर पडावे आणि बाहेरून १९०६ या क्रमांकावर कळवावे. तसेच, घंटा आग विझवीत नाही. ती फक्त वेळ देते. फोम, नायलॉन आणि प्लास्टिक यांनी भरलेल्या आजच्या घरात ती वेळ दोन-तीन मिनिटांचीच असू शकते.

म्हणून त्या दोन-तीन मिनिटांत काय करायचे हे आधी ठरलेले असावे. लहान मुले घंटेनेही उठत नाहीत, म्हाताऱ्यांना ऐकू कमी येते. कोणाला कोणी उठवायचे हे नावानिशी ठरवावे. चोराच्या भीतीने आपण खिडक्यांना लोखंडी जाळ्या बसवतो. निदान एका जाळीला आतून उघडणारे दार असावे आणि किल्ली जवळच टांगलेली असावी. वाकून, रांगत बाहेर पडावे, कारण खालची हवा त्यातल्या त्यात बरी असते. जाताना मागचे दार ओढून घ्यावे. बाहेर एक खूण ठरवावी, घरापुढचे झाड म्हणा, विजेचा खांब म्हणा. तेथे जमून माणसे मोजावीत. मग १०१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा. पैसे किंवा कागदपत्रे आणण्यासाठी कोणीही परत आत जाऊ नये.

शेवटी कायद्याविषयी थोडे. महाराष्ट्रात २००६ साली आग प्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा झाला. तो ज्या इमारतींना लागू होतो, त्यांच्या मालकाने किंवा भोगवटादाराने दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायचा असतो. पण आपले दुमजली घर तपासायला कोणी येत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने वीज वापरणारे दहा आणि वीज न वापरणारे वीस कामगार अशी रेषा आखली होती. संसदेने २०२० साली संमत केलेल्या संहितेत ती रेषा वीस आणि चाळीस अशी वर सरकवली. त्या रेषेखाली जी चार-सहा माणसांची शेड आहे, जेथे रात्री मालाशेजारीच पथारी पसरली जाते, ती सरकारच्या हिशेबी पुरता कारखाना नाही आणि घरही नाही. इंग्लंडमध्ये २०१५ पासून घर भाड्याने देणाऱ्याला प्रत्येक मजल्यावर धूरघंटा लावणे बंधनकारक आहे. आमची मागणी एवढीच की, ज्या मालकाच्या छपराखाली माणसे झोपतात, त्याने तेथे चालू धूरघंटा ठेवावी आणि रात्री बाहेरून कुलूप घालू नये. ही मागणी आम्ही मालकांपुढे मांडतो, तशीच येथे बसलेल्या घरमालकांपुढे आणि दुकानदारांपुढेही मांडतो. नगरपंचायतीने बांधकामाला परवानगी देताना घरमालकाला याची नुसती आठवण करून दिली, तरी पुष्कळ काम होईल.

कायदा होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. एका आळीतल्या दहा घरांनी मिळून एकदम खरेदी केली तर भावही बरा पडेल, आणि महिन्याच्या परीक्षेची आठवण शेजारी शेजाऱ्याला देईल. संघटनेचा आमचा अनुभव असा की, एकट्याने केलेला निश्चय महिन्याभरात ढिला पडतो. चौघांनी मिळून केलेला टिकतो. ज्यांच्या घरी अशी घंटा आधीच लावलेली आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर प्रथम तिचे बटण दाबून पाहावे.